बिल्ला कशासाठी?

गेल्या बुधवारी मला हापिसात एक बिल्ला मिळाला. खराखुरा नाही, स्क्रीनवरचा. पासवर्ड कुणाला सांगू नये, अनोळखी मेलमधल्या लिंकवर टिचकी मारू नये, अशा विषयावरचं पंचेचाळीस मिनिटांचं ट्रेनिंग होतं. एका खिडकीत ते चालू, दुसऱ्या खिडकीत माझं नेहमीचं काम चालू. मधूनच जाऊन 'पुढे' दाबायचं. शेवटी दहा प्रश्न, त्यातले आठ बरोबर, की लगेच स्क्रीनभर रंगीबेरंगी कागदाचे कपटे उडतात. अभिनंदन! माझ्या प्रोफाइलवर आता ढालीच्या आकाराचं एक निळं चित्र आलंय. असे एकूण चौदा बिल्ले आहेत माझ्याकडे. निम्मे कशाचे आहेत ते आठवत नाही.

जो मिळाला नाही, तो बिल्ला मात्र पक्का आठवतो.

आमच्या शाळेत स्काऊटचं पथक होतं. शनिवारी शाळा सुटली की खाकी गणवेश, गळ्यात स्कार्फ, हातात काठी. प्रवेश, मग प्रथम सोपान, मग द्वितीय सोपान असं करत मी तृतीय सोपानापर्यंत आलो होतो. बिनभांड्यांचा स्वयंपाक (कणकेची वळकटी काठीला गुंडाळून निखाऱ्यावर भाजायची, बाहेरून कोळसा, आतून कच्ची), 'खरी कमाई'च्या आठवड्यात शेजाऱ्यांच्या सायकली पुसून मिळवलेली चिल्लर, शेकोटीभोवतीची गाणी. तृतीय सोपानानंतर राज्य पुरस्कार आणि त्याच्यापुढे थेट राष्ट्रपती पुरस्कार. राष्ट्रपतींच्या सहीचं प्रमाणपत्र! सातवीतल्या पोराला याहून काय हवं?

पण सातवीतला पोरगा नववीत जातो. दहावीचे क्लास नववीच्या सुट्टीतच सुरू झाले आणि ते नेमके शनिवारी. मी स्काऊट मास्तरांकडे गेलो आणि मोठ्या शहाणपणाने विचारलं, "सर, पण याचा पुढे उपयोग काय?" सर काही बोलले नाहीत. स्कार्फ कपाटात गेला.

माझ्याच संघातला एक मित्र मात्र थांबला नाही. राज्य पुरस्कार झाला, राष्ट्रपती पुरस्कार झाला. मी इंजिनिअरिंगला गेलो, त्याची घरची परिस्थिती तशी नव्हती. काही वर्षांनी तो रेल्वेत लागला. भारतीय रेल्वेच्या भरतीत स्काऊट-गाईडसाठी राखीव जागा असतात, प्रत्येक झोनमध्ये मोजक्याच, आणि राष्ट्रपती पुरस्कार ही तिथली एक पात्रता आहे. जुन्या मित्रांच्या कट्ट्यावर ही बातमी आली तेव्हा मी म्हणालो, "हो, स्काऊटचं सर्टिफिकेट होतं ना त्याच्याकडे." वाक्यात चूक काही नाही. चूक सुरात होती. सेवेसाठी म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचा कसा नोकरीचा कोटा झाला बघा, असा तो सूर होता.

बुधवारच्या निळ्या ढालीमुळे हे सगळं पुन्हा वर आलं, आणि हा बिल्ल्यांचा प्रकार मुळात सुरू कसा झाला हे वाचण्यात माझा अख्खा वीकांत गेला. वाचल्यावर लक्षात आलं, की माझा सूरच नाही, इतिहासही चुकला होता.

गोष्ट सुरू होते ती आपल्याकडेच, मीरतला. रॉबर्ट बेडन-पॉवेल १८९७ मध्ये ब्रिटिश फौजेच्या पाचव्या ड्रगून गार्ड्स या घोडदळाचा प्रमुख म्हणून तिथे आला. टेहळणी शिकलेले, एकट्याने जाऊन खबर आणू शकणारे शिपाई त्याला हवे होते. जे शिपाई या प्रशिक्षणात उत्तीर्ण होत त्यांना तो बाहीवर लावायला एक खूण देई: होकायंत्रावर उत्तर दिशा दाखवणारं तीन पाकळ्यांचं टोक. आज जगभरच्या स्काऊटांच्या छातीवर जे चिन्ह आहे, ते हेच. म्हणजे स्काऊटचा पहिला बिल्ला मुलांसाठी नव्हताच. तो नोकरीतल्या माणसांना, नोकरीच्या कामात तरबेज झाल्याबद्दल मिळत होता. 'उपयोग' हा शब्द बिल्ल्याला नंतर चिकटलेला नाही. बिल्ला जन्मला तोच उपयोगाच्या पोटी.

दहा वर्षांनी, ऑगस्ट १९०७ मध्ये, इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या ब्राउनसी बेटावर बी.पीं.नी वीसेक मुलांचं शिबिर घेतलं. काही श्रीमंतांच्या शाळांमधली, काही साध्या कामकरी घरांतली. आल्याआल्या प्रत्येकाला तेच तीन पाकळ्यांचं पितळी चिन्ह मिळालं. गाठी, माग काढणं आणि राष्ट्रध्वज या विषयांची चाचणी पास झाल्यावर त्याखाली लावायची दुसरी पितळी पट्टी मिळे. तिच्यावर ब्रीदवाक्य होतं: तयार रहा. पहिला भाग आल्याबद्दल, दुसरा कमावल्याबद्दल. मला ही रचना फार आवडली. माझ्या निळ्या ढालीत दुसरा भागच नाहीये. :)

१९०८ च्या जानेवारीपासून 'स्काऊटिंग फॉर बॉईज' हप्त्याहप्त्याने बाजारात आलं आणि मुलांनी आपापली पथकं काढून टाकली. संघटना मागाहून धावत आली. १९०९ च्या सप्टेंबरात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला तेव्हा अकरा हजारांच्या आसपास स्काऊट जमले होते. त्याच शरद ऋतूत बी.पी. बालमोरलला सातव्या एडवर्डला भेटले. तिथे त्यांनी सुचवलं, की प्रथम श्रेणीच्या पुढच्या विशेष परीक्षा पास होणाऱ्या मुलांना 'राजाचे स्काऊट' म्हणावं. राजा हो म्हणाला. सगळ्यात वरचा बिल्ला मुकुटाचा झाला.

आता हा मुकुट हिंदुस्थानात काय करणार होता, ते बघा.

हिंदुस्थानात पहिलं पथक १९०९ मध्ये बंगलोरला कॅप्टन बेकर यांनी काढलं. पुढच्या दोन वर्षांत मद्रास, मुंबई, जबलपूर इथे पथकं निघाली, आणि आपल्या खडकीला आणि लोणावळ्यालाही. मी खडकीवरून रोज हापिसला जातो, मला हे माहीत नव्हतं. पण या सगळ्या पथकांची एक अट होती: मुलगा युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन हवा. गाठी, माग काढणं, भाकरी भाजणं यांत हिंदी मुलगा कमी पडला असता म्हणून नव्हे. मीरतच्या घोडदळात सुचलेली, जंगलात आणि डोंगरात माग काढायची विद्या, आणि त्या जंगलाजवळ वाढलेल्या मुलांनाच ती बंद.

मग लोकांनी आपापली वाट काढली. १९१३ मध्ये शहाजहानपूरला श्रीराम बाजपेयींनी हिंदी मुलांचं पथक उभं केलं. मध्य प्रांतात नागपूरचे विवियन बोस (हेच पुढे सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती झाले) या कामात पडले. मद्रासला ॲनी बेझंट बाईंनी अरुंडेल यांच्या मदतीने हिंदी मुलांची वेगळी संघटना काढली. १९१८ मध्ये अलाहाबादला पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि बाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना सुरू केली. नावातच 'सेवा' होतं आणि ते नुसतं शोभेचं नव्हतं. जत्रेतली गर्दी सांभाळणं, चुकलेली मुलं घरी पोहोचवणं, आजाऱ्यांना पाणी देणं ही या मुलांची कामं. कुंभमेळ्याचं ठिकाण ज्या गावात आहे, तिथल्या स्काऊटला सरावासाठी कृत्रिम संकट तयार करावं लागत नाही.

१९२१ मध्ये बी.पी. हिंदुस्थानात आले. दार उघडलं, बेझंट बाईंची संघटना मुख्य संघटनेत मिसळली. सेवा समिती नाही मिसळली. अडचण होती ती वचनाची. स्काऊटच्या वचनात राजाबद्दलचं कर्तव्य होतं, आणि असहकाराच्या त्या वर्षी हे वचन मुलांकडून वदवून घ्यायला ही माणसं तयार नव्हती. १९३७ मध्ये दिल्लीच्या जांबोरीला बी.पी. पुन्हा आले आणि त्यानंतर हिंदी लोकांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी केलेल्या शेऱ्यांवरून इतका संताप उसळला, की १९३८ मध्ये अनेक जण बाहेर पडून हिंदुस्थान स्काऊट संघटनेत एकत्र आले.

म्हणजे विचार करा, १९३८ मधला एखादा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. प्रथमोपचार येतो, पोहता येतं, रात्रीच्या ताऱ्यांवरून दिशा सांगता येते. त्याने कुठल्या संघटनेत परीक्षा द्यायची? एकीकडे गेला तर बाहीवर राजाचा मुकुट. दुसरीकडे गेला तर जगाच्या नोंदवहीत नाव नाही. कौशल्य तेच, गाठ तीच, फक्त शेवटी सही कुणाची हा प्रश्न. आज 'राष्ट्रपती पुरस्कार' हा शब्द आपण भाषण स्पर्धेच्या बक्षिसासारखा सहज म्हणून टाकतो. त्या शब्दामागे ही चाळीस वर्षांची ओढाताण आहे.

ती संपली ७ नोव्हेंबर १९५० ला. नेहरू, मौलाना आझाद, मंगलदास पक्वासा यांच्या खटपटीने वेगवेगळ्या संघटना एक होऊन 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' झाली. १५ ऑगस्ट १९५१ ला मुलींची गाईड संघटनाही तीत आली. आणि राजाच्या स्काऊटचा झाला राष्ट्रपती स्काऊट. तिकडे इंग्लंडात १९५२ मध्ये राजा जाऊन राणी आली, तसे किंग्ज स्काऊटचे क्वीन्स स्काऊट झाले, आणि २०२२ मध्ये राणी गेल्यावर पुन्हा किंग्ज. त्यांच्याकडे फक्त माणूस बदलत गेला. आपल्याकडे सही करणाऱ्याचं पदच बदललं. निवडून आलेल्या माणसाची सही! सातवीत मला प्रमाणपत्र एवढं भारी का वाटायचं, त्याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नसतं.

असो. आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. सोळा वर्षांचं पोर विचारतं, 'उपयोग काय?' हा प्रश्न मी एकट्यानेच विचारला असं मला वाटायचं. प्रत्यक्षात या चळवळीचं हे शंभर वर्षांचं दुखणं आहे. अकरा वर्षांच्या मुलाला स्कार्फ पुरतो. सोळाव्या वर्षी त्याच स्कार्फची लाज वाटते, विशेषतः बसस्टॉपवर कुणी ओळखीचं दिसलं तर.

बी.पीं.चं उत्तर होतं रोव्हर. १९१८ मध्ये मोठ्या मुलांचा हा वेगळा विभाग निघाला आणि त्याचं ब्रीद ठेवलं 'सेवा'. आपल्याकडे रोव्हर (आणि मुलींसाठी रेंजर) आजही आहेत: प्रवेश, मग प्रवीण, मग निपुण, मग राष्ट्रपती रोव्हर. खुद्द इंग्लंडात मात्र १९६७ मध्ये रोव्हर बंद करून त्या जागी व्हेंचर स्काऊट आणले, १९७६ पासून त्यांत मुलीही घेतल्या, आणि २००२ मध्ये तेही बंद करून एक्सप्लोरर आणले.

अमेरिकेची कथा तर आपल्या सॉफ्टवेअरसारखी, सारखी नवी आवृत्ती. तिथला सर्वोच्च पुरस्कार ईगल. पहिला ईगल स्काऊट आर्थर एल्ड्रेड, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा सतरा वर्षांचा मुलगा. १९१२ मध्ये त्याने एकवीस मेरिट बॅज पूर्ण केले तेव्हा संघटनेचीच पंचाईत झाली. इतक्या लवकर कुणी इथवर येईल असं वाटलंच नव्हतं. बरं, खरंच येतं का याला एवढं सगळं? म्हणून जेम्स वेस्ट, डॅन बिअर्ड अशा बड्या मंडळींनी त्याला बोलावून तपासलं. पास झाला. पण पदकाचा साचाच तयार नव्हता! ऑगस्टमध्ये निकाल कळला, पदक सप्टेंबरात हाती आलं. त्याच ऑगस्टमध्ये त्याने बुडणाऱ्यांना वाचवायला मदत केली होती, त्याबद्दल वेगळं शौर्यपदक मिळालं. पदक तयार नसताना माणूस तयार होता.

मोठ्या मुलांसाठी तिथे १९४९ मध्ये एक्सप्लोरर विभाग झाला, त्याचा सिल्व्हर पुरस्कार होता. पन्नाशीच्या दशकाअखेर मोठ्या मुलांना काय हवं याचा अभ्यास झाला, आणि सिल्व्हर काढून टाकून सगळा भर आवडीच्या क्षेत्रावर आणि करिअरवर गेला: पोलीस, वैद्यक, विमानं. म्हणजे 'उपयोग काय?' या प्रश्नाला सरळ सरळ 'नोकरी' हे उत्तर. १९७१ पासून मुलींना त्यात पूर्ण सदस्यत्व मिळालं. १९९८ मध्ये पुन्हा फाळणी झाली. करिअरवाले एका बाजूला काढले, आणि साहस-सहलवाले 'व्हेंचरिंग' नावाने वेगळे झाले, वय चौदा ते वीस, मुलं-मुली एकत्र. तिथे सिल्व्हर परत आला! २०१४ संपता संपता तोही गेला आणि समिट हा नवा सर्वोच्च पुरस्कार आला. त्यात स्वतःचं कौशल्य दाखवून भागत नाही, दुसऱ्यांना मार्गदर्शन करावं लागतं आणि एक सेवाकार्य उभं करून पार पाडावं लागतं. ईगलमध्येही सेवाप्रकल्पाची अट १९६५ पासून आहे, आणि मुदत अठराव्या वाढदिवसापर्यंतच. डेडलाईन म्हणजे काय ते अमेरिकेतल्या मराठी आईबापांना विचारा, ज्यांचं पोर सतरा वर्षं अकरा महिन्यांचं असताना ग्रंथालयाच्या अंगणात बाकं ठोकत असतं.

आणि हो, ईगल स्काऊट अमेरिकन सैन्यात भरती झाला तर त्याला सुरुवातीलाच वरचा हुद्दा आणि वरचा पगार मिळू शकतो. तिथे कुणी नाक मुरडत नाही. म्हणतात, 'पोराने कमावलंय.' माझ्या मित्राने रेल्वेत कमावलं, तर मी मात्र 'सर्टिफिकेट होतं ना' म्हणालो.

एवढं वाचून झाल्यावर रविवारी संध्याकाळी मी त्याला फोन केला. आधी इकडचं तिकडचं झालं, मग मी कट्ट्यावरचं ते वाक्य सांगून टाकलं. तो हसला. "अरे, कोट्यातूनच लागलोय की. त्यात लपवायचं काय? तू कॅम्पसमधून लागलास, मी कॅम्पमधून."

आता तो ड्युटी सांभाळून रेल्वेच्या कॉलनीतल्या रोव्हर मुलांना शिकवतो. मी विचारलं, "पण नोकरी मिळते म्हटल्यावर पोरं फक्त त्यासाठीच येत असतील ना?"

"येतात ना. मी पण त्यासाठीच चिकटून राहिलो होतो. वडील म्हणायचे, काहीतरी कागद हातात असू दे. येताना कशासाठी येतात ते मी बघत नाही. गाठ सुटते का नाही ते बघतो."

मग त्याने यंदाची एक हकिकत सांगितली. 'प्रवीण'च्या चाचणीत दोन मुलांना त्याने प्रथमोपचारात परत पाठवलं. मोडलेल्या हाताला लावायची झोळी इतकी सैल, की हात पोटापर्यंत लोंबत होता. एकाचे वडील भेटायला आले. म्हणाले, "साहेब, सही करून टाका, पोराच्या नोकरीचा प्रश्न आहे." हा म्हणाला, "काका, ज्याचा हात मोडेल त्याचा पण प्रश्न आहे." दोन्ही पोरं महिनाभर रोज संध्याकाळी येऊन एकमेकांच्या हाताला झोळ्या बांधत बसली. मग सही झाली.

"अवघड नाही गेलं?"

"गेलं की. पण मला पण परत पाठवलं होतं. राज्य पुरस्काराच्या वेळी. तू तेव्हा क्लासला होतास."

बी.पीं.चं म्हणणं होतं, की बिल्ला मुलाच्या कौशल्याच्या उंचीपेक्षा त्याने केलेल्या धडपडीसाठी द्यावा. मला हे आधी थोडं गुळमुळीत वाटलं होतं, 'सगळ्यांना भाग घेतल्याचं प्रमाणपत्र' छापाचं. पण महिनाभर झोळ्या बांधणारी ती दोन पोरं ऐकल्यावर अर्थ लागला. सही मुकुटाची असो, राष्ट्रपतींची असो, बक्षीस नोकरी असो की नुसतं पदक. त्या सगळ्याच्या अलीकडे कुठेतरी एक माणूस हवा, जो वेळ काढून समोर बसेल, गाठ ओढून बघेल आणि गरज पडली तर 'अजून नाही' म्हणेल. चौदा बिल्ले देताना मला हे एकदाही कुणी म्हणालं नाही. आणि नववीत सर गप्प बसले होते, ते उत्तर नव्हतं म्हणून नसावेत. माझी चाचणी तिथेच झाली होती, एवढंच.

फोन ठेवताना तो म्हणाला, "तृतीय सोपानापर्यंत आला होतास ना? रीफ नॉट बांधून दाखव बरं. व्हिडिओ चालू कर."

मी चार्जरची वायर घेतली. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. बांधली, कॅमेऱ्यासमोर धरली.

"ही ग्रॅनी नॉट आहे," तो म्हणाला. "पुढच्या रविवारी परत दाखव."